मायनर लीगमधून रिलीज झालेला खेळाडू व्यावसायिक कोच कसा होतो?

पहिला_बेस

आपल्याकडे कोच व्हायचं म्हटलं की पटियालाची एनआयएस पदविका किंवा क्रिकेट असेल तर बीसीसीआयच्या लेव्हल परीक्षा, असा रस्ता आखलेला असतो. अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये तशी सक्तीची पदविका नाही. मग निवड कशावर होते? इथे मायनर लीग (सर्वोच्च मेजर लीगच्या खालच्या, खेळाडू घडवणाऱ्या लीग) बारकाईने बघणारे आणि त्या कामाची माहिती असलेले बरेच जण आहेत, म्हणून विचारतो.

उदाहरण असं धरा. कॅचर (बॅट्समनमागे बसून पिचरचे, म्हणजे गोलंदाजाचे, चेंडू घेणारा), वय २६, कॉलेजमधून ड्राफ्ट झालेला (क्लबांच्या वार्षिक निवडीत घेतलेला), डबल-एपर्यंत, म्हणजे मायनर लीगच्या वरून दुसऱ्या पायरीपर्यंत पोचला, स्प्रिंग ट्रेनिंगच्या (हंगामाआधीच्या कॅम्पच्या) शेवटी रिलीज, म्हणजे क्लबने करारातून मोकळा केला. पदवीची दोन सेमिस्टर बाकी. आता खेळायचं नाही, पण बेसबॉल सोडायचाही नाही. त्याने कुठे, कोणत्या महिन्यात आणि कोणत्या कामासाठी अर्ज करावा? पहिल्या वर्षी हाताला काय येत असलं पाहिजे? आणि मेजर लीग न खेळलेल्या माणसाला वर जायला जागा असते का? मोघम सल्ला नको, तपशील द्या.

बुलपेन_बाकडं

आधी महिन्यांचं गणित बघा, कारण बहुतेकांचं घोडं तिथेच पेंड खातं.

खेळाडू रिलीज होतात ते मुख्यतः मार्चच्या अखेरीस. खेळाडूंच्या संघटनेशी झालेल्या २०२३ च्या करारानंतर एका क्लबला हंगामात अमेरिकेतल्या मायनर लीगसाठी १६५ खेळाडूच ठेवता येतात. आधी ही मर्यादा १८० होती. त्यामुळे कॅम्प संपताना यादी कापली जाते. कोचची भरती मात्र ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात होते. हंगाम संपला की कोण राहणार, कोण जाणार हे ठरतं आणि डिसेंबरच्या विंटर मीटिंग्जपर्यंत बहुतेक जागा भरलेल्या असतात. म्हणजे तुमचा कॅचर ज्या दिवशी मोकळा झाला त्या दिवशी पुढच्या सहा महिन्यांच्या सगळ्या खुर्च्यांवर माणसं बसलेली आहेत. ही एप्रिल ते ऑक्टोबरची पोकळी ज्याने भरून काढली तो टिकतो. घरी बसून नोव्हेंबरची वाट बघणाऱ्याचं नाव तोपर्यंत लोक विसरतात.

पोकळी कशी भरायची? रिलीजचा कागद हातात पडतो त्याच दिवशी फार्म डायरेक्टरला, म्हणजे खेळाडू घडवण्याच्या विभागाच्या प्रमुखाला, आणि कॅचिंग कोऑर्डिनेटरला (क्लबच्या सगळ्या टीममधल्या कॅचरांचं प्रशिक्षण बघणाऱ्याला) भेटून स्पष्ट सांगायचं की कोचिंग करायचं आहे. रागाने बॅग भरून निघून गेलं की हा दरवाजा बंद होतो. मेजर लीगचा हंगाम सुरू झाला तरी ॲरिझोना आणि फ्लोरिडातल्या कॉम्प्लेक्सवर (क्लबच्या प्रशिक्षण केंद्रावर) एक्स्टेंडेड स्प्रिंग, म्हणजे लांबवलेला कॅम्प, चालू असतं, मेमध्ये कॉम्प्लेक्स लीग सुरू होतात, जूनमध्ये डोमिनिकन समर लीग. तिथे रोज पंधरा-वीस पिचर बुलपेन (मॅचबाहेरचा पिचिंगचा सराव) टाकतात आणि त्यांचे चेंडू घ्यायला माणूस लागतोच. बुलपेन कॅचर किंवा कॉम्प्लेक्सवरचा मदतनीस कोच अशी तात्पुरती जागा एप्रिल-मेमध्ये अचानक निघते. कॅचर असल्याचा फायदा इथे आहे, शॉर्टस्टॉपला ही वाट सहसा मिळत नाही.

दुसरी गोष्ट. गावातल्या मायनर लीग टीमच्या ऑफिसात अर्ज करू नका. ते ऑफिस तिकिटं, जाहिराती आणि मैदान सांभाळतं. मॅनेजर (बेसबॉलमधला मुख्य कोच), कोच आणि खेळाडू यांना नेमतो आणि पगार देतो तो वरचा मेजर लीग क्लब. ३० क्लब आहेत, प्रत्येकाच्या चार पूर्ण हंगामी टीम, म्हणजे १२० टीम, शिवाय कॉम्प्लेक्स आणि डोमिनिकन अकादमी. अर्ज त्या ३० दारांवर करायचे.

आणि कागद नीट वाचून सही करा. ‘स्वेच्छानिवृत्त’ यादीत नाव घातलं तर खेळाडूवरचा हक्क त्या क्लबकडेच राहतो. रीतसर रिलीज घेतलेली बरी, म्हणजे दुसऱ्या क्लबशी बोलताना अडचण येत नाही.

फंगो_३५

वरचं सगळं बरोबर. पण दार उघडल्यावर आत टिकवतो तो हात. नव्या कोचची पहिली परीक्षा बॅटिंग प्रॅक्टिसला होते आणि ती बहुतेकांना वाटते त्यापेक्षा अवघड असते.

बीपीचे (बॅटिंग प्रॅक्टिसचे) चेंडू माउंडवरून, म्हणजे पिचरच्या उंचवट्यावरून, टाकत नाहीत. एल आकाराची जाळी साधारण ४० फुटांवर लावतात. तिथून ताशी ५५ मैलांनी टाकलेला चेंडू बॅट्समनला जेवढा वेळ देतो, तेवढाच वेळ ६० फूट ६ इंचांवरून येणारा ताशी ८५ मैलांचा चेंडू देतो. म्हणून वेग वाढवायची गरज नसते, सातत्य लागतं. पकड फोर-सीम, बोटं शिवणीला आडवी, म्हणजे चेंडू सरळ जातो. तीन-चार चेंडू ग्लोव्हमध्ये, एक हातात, दर सहा-सात सेकंदांनी एक. चौघांचा एक गट, गटाला बारा-पंधरा मिनिटं. असे दोन गट एकट्याने टाकले तर दीडशेच्या वर चेंडू होतात.

चुका ठरलेल्या आहेत. पहिली म्हणजे स्ट्राइक (मारता येईल अशा पट्ट्यातला चेंडू) पडत नाही म्हणून चेंडू ‘ठेवायला’ लागणं. हात मंदावतो, चेंडू शेवटी खाली मरतो आणि अख्ख्या गटाची लय जाते. अशा वेळी जाळी दोन पावलं पुढे घ्या, पण हाताचा वेग कमी करू नका. दुसरी म्हणजे टाकून झाल्यावर जाळीच्या खाचेतच उभं राहणं. उजव्या हाताने टाकणाऱ्याने चेंडू सुटताच डावीकडे, जाळीच्या उंच भागामागे सरकायचं. बॅट्समन बॉक्समध्ये असताना जाळीपुढचा चेंडू उचलायला कधीही वाकू नये. तिसरी चूक खांद्याची. खेळणं थांबल्यावर महिना-दोन महिने हात थंड असतो आणि मग पहिल्याच दिवशी दोनशे चेंडू. दोन आठवडे आधीपासून ५०, ८०, १२० असं एक दिवसाआड वाढवत न्यावं.

मग फंगो. क्षेत्ररक्षणाच्या सरावासाठी कोच चेंडू मारतो ती ही बॅट ३५ इंचांच्या आसपास लांब, बारीक आणि ६०० ग्रॅमच्या जवळपास. मॅचची लाकडी बॅट ९०० ग्रॅमकडे जाते. ग्राउंडरसाठी (जमिनीलगतच्या फटक्यासाठी) चेंडूच्या वरच्या अर्ध्या भागावर मारायचं आणि पहिला टप्पा क्षेत्ररक्षकाच्या बराच आधी पडेल असं बघायचं. सगळ्यात कठीण कॅचरचा पॉप-अप, म्हणजे प्लेटजवळ उंच उडालेला झेल. चेंडूच्या अगदी बुडाखाली, जवळजवळ सरळ वर बॅट न्यावी लागते. अशा चेंडूला उलटी फिरकी असते, म्हणून तो प्लेटमागे वर जाऊन परत मैदानाकडे वळतो आणि कॅचरला पाठ मैदानाकडे करून उभं राहायला शिकवतात. हा पॉप-अप दहापैकी सात वेळा हवा तिथे उडवता आला, तर कोऑर्डिनेटर तुम्हाला कॅचरांच्या गटावर ठेवणार. रिकाम्या मैदानावर रोज ५० मारले तर महिनाभरात जमतं.

आकडेमोड

हात हवाच, पण गेल्या दहा वर्षांत निवडीचा काटा दुसरीकडे झुकलाय. मुलाखतीत आता ‘तू किती खेळलास’ हे कमी विचारतात. एका खेळाडूचे व्हिडिओ आणि आकडे देतात आणि सांगतात, याची सहा आठवड्यांची योजना करून दाखव.

असं समजा. २० वर्षांचा पिचर, फोर-सीम ताशी ९३ मैल, इंड्यूस्ड व्हर्टिकल ब्रेक १२ इंच, आडवा ब्रेकही साधारण तेवढाच. म्हणजे फिरकीमुळे चेंडू जितका ‘वर टिकतो’ तितकाच बाजूला सरकतो. बॅट्समनचा डोळा याच आकाराला सरावलेला असतो, म्हणून याला डेड झोन म्हणतात. वेग चांगला असून मार का पडतो, त्याचं उत्तर इथे आहे. कच्चा उमेदवार लगेच ‘फिरकी वाढव’ लिहितो. फिरकीचा दर सहजासहजी वाढत नाही. आधी स्पिन एफिशियन्सी, म्हणजे एकूण फिरकीपैकी किती टक्के चेंडू वळवायला कामी येते, ते बघायचं. ती ८५ टक्क्यांच्या आसपास असेल तर सुटताना हात चेंडूच्या मागे नसून बाजूला जातोय. एजरट्रॉनिकसारख्या वेगवान कॅमेऱ्यात चेंडू सुटण्याच्या शेवटच्या क्षणी बोटं कुठे आहेत ते दिसतं. तिथे एक सूचना, एक ड्रिल, २५ चेंडूंचा बुलपेन, दोन आठवड्यांनी पुन्हा मोजमाप. एफिशियन्सी आधीच ९७-९८ असेल तर हाताला हात लावायचा नाही. टू-सीम धरून सिंकरकडे (खाली बसणाऱ्या चेंडूकडे) न्यायचं किंवा कटर (थोडा बाजूला कापणारा चेंडू) शिकवायचा. अशी फांदी-फांदीची योजना दोन पानांत मांडता आली पाहिजे. ट्रॅकमॅन, रॅपसोडो (चेंडूचा वेग आणि फिरकी मोजणारी यंत्रं) आणि बॅटच्या मुठीवर लावतात तो ब्लास्ट सेन्सर, या तिघांचे रिपोर्ट न अडखळता वाचता आले पाहिजेत.

आकडे कळले की ते सगळे खेळाडूच्या कानात ओतायचा मोह होतो. तो आवरा. खेळाडूला एका वेळी एकच गोष्ट सांगायची, बाकीची वहीत ठेवायची.

नोकरी घालवणारी चूक वेगळीच असते. प्रत्येक खेळाडूची लेखी योजना असते, ती कोऑर्डिनेटर आणि ऑफिसने मिळून केलेली. डबल-एतल्या कोचने आपल्या मनाने कोणाचा स्विंग किंवा हाताचा कोन बदलला आणि वर कळवलं नाही, तर खेळाडू सुधारला तरी तो दोषच धरतात. पुढच्या लेव्हलवरचा कोच जुन्या योजनेवर काम करत असतो आणि मधल्या मध्ये खेळाडूचा हंगाम जातो. म्हणून रोज रात्री मॅचनंतर रिपोर्ट लिहायचा. काय पाहिलं, कोणत्या काउंटला (बॉल-स्ट्राइकच्या कोणत्या मोजणीला), काय सांगितलं, उद्या काय करायचं. ‘मेहनती आहे, चांगला खेळला’ असल्या वाक्याला किंमत नाही. ‘डाव्या पिचरच्या आतल्या फास्टबॉलवर तीनदा उशीर, पुढचा पाय पडायला वेळ लागतोय’ याला आहे. स्काउटांची २० ते ८० ही मोजपट्टीही अंगवळणी पाडून घ्या. ५० म्हणजे मेजर लीगची सरासरी.

पहिला_बेस

भरपूर मिळालं, आभार. दोन उपप्रश्न. स्पॅनिशशिवाय चालतं का? आणि पैशांचं काय?

बुलपेन_बाकडं

कॉम्प्लेक्सवर चालत नाही. सुरुवातीची जागा बहुतेक वेळा तिथेच मिळते आणि तिथली बरीच मुलं डोमिनिकन रिपब्लिक आणि व्हेनेझुएलाची, १७ ते २० वयाची असतात. दुभाष्या प्रत्येक केजमध्ये नसतो. व्याकरण नंतर, आधी मैदानावरची दोनशे वाक्यं. ‘अबाहो’ म्हणजे खाली, ‘तार्दे’ म्हणजे उशिरा, ‘दे नुएवो’ म्हणजे पुन्हा. कॅचरने पिचरशी बोलता बोलता खेळतानाच हे उचललेलं असेल तर अर्जात पहिल्या तीन ओळींत लिहावं.

पैशांबाबत एक गैरसमज दूर करतो. २०२३ च्या करारात जे आकडे ठरले, ट्रिपल-ए ३५,८०० डॉलर, डबल-ए ३०,२५०, हाय-ए २७,३००, सिंगल-ए २६,२००, कॉम्प्लेक्स १९,८००, ते खेळाडूंचे त्या वर्षीचे वार्षिक किमान आकडे होते. मायनर लीगचे कोच खेळाडूंच्या संघटनेत येत नाहीत. त्यांचा करार वैयक्तिक, बहुधा एका वर्षाचा. २०२२ पासून क्लबने राहायची सोय करायचा जो नियम आला तोही खेळाडूंसाठी. म्हणून ऑफर आली की पगाराच्या जोडीने चार गोष्टी लेखी विचाराव्यात. हंगामात राहायचं कोणाच्या खर्चाने, आरोग्य विमा बारा महिने की सात, सप्टेंबर-ऑक्टोबरचा इन्स्ट्रक्शनल कॅम्प याच पगारात का, आणि हिवाळ्यात खासगी शिकवण्या घ्यायला परवानगी आहे का. चौथ्या प्रश्नावर पुढे बऱ्याच कटकटी होतात.

खेळाडू परदेशी असेल तर आणखी एक. खेळण्यासाठी मिळालेल्या व्हिसावर कोचिंग करता येईल असं गृहीत धरू नये. भूमिका बदलते तेव्हा क्लबच्या वकिलाकडून नव्या अर्जाचं आधी बघून घ्यावं.

कॉलेज_कट्टा

या सगळ्यात त्या दोन सेमिस्टरचा विषय मागे पडला, म्हणून लिहितो. माझं मत वरच्या मंडळींपेक्षा वेगळं आहे. आधी पदवी पूर्ण करावी.

कारण व्यवहाराचं आहे. व्यावसायिक क्लब पदवी मागेलच असं नाही, पण कॉलेजांच्या जाहिरातीत पदवीची अट बहुधा असतेच. पदवी नसेल तर निम्मा बाजार बंद. ड्राफ्टच्या करारात कॉलेज स्कॉलरशिप योजना लिहून घेतलेली असेल तर खेळणं संपल्यापासून दोन वर्षांत शिक्षण सुरू करावं लागतं, नाहीतर ते पैसे बुडतात. अनेक जण ‘पुढच्या हिवाळ्यात बघू’ म्हणत ही मुदत घालवतात. करार काढून तारीख आजच तपासावी.

शिवाय त्याच कॉलेजच्या टीमबरोबर शिकता शिकता मदतनीस म्हणून उभं राहता येतं. डिव्हिजन वनमध्ये (कॉलेज स्पर्धांच्या वरच्या गटात) २०२३ च्या जुलैपासून बिनपगारी स्वयंसेवक कोच हा प्रकार बंद झाला आणि ती जागा पगारी करायची मुभा मिळाली. उन्हाळ्यात केप कॉडसारख्या कॉलेज खेळाडूंच्या लीग असतात. तिथे लाकडी बॅट, रोज मॅच, आणि स्टँडमध्ये सगळ्या क्लबांचे स्काउट. वर सांगितलेली एप्रिल ते ऑक्टोबरची पोकळी अशीही भरते. जानेवारीच्या सुरुवातीला अमेरिकन बेसबॉल कोचेस असोसिएशनचं अधिवेशन असतं, तिथे जाऊन दोन पानी योजना दाखवायची. अर्धं काम तिथल्या ओळखींवर होतं.

बुलपेन_बाकडं

पदवी महत्त्वाची, मान्य. पण कॅचरचे गुडघे आणि ओळखी या दोन्हीला मुदत असते. दोन वर्षं बाहेर राहिला की ज्या कोऑर्डिनेटरने त्याला रोज पाहिलं तो दुसऱ्या क्लबला गेलेला असतो. ऑनलाइन सेमिस्टर शक्य असेल तर बुलपेनचं काम धरून पदवी करावी. तसं जमत नसेल तर तुमचं म्हणणं बरोबर.

तिसऱ्या_बेसवरून

बेस कोचिंगबद्दल कोणीच लिहिलं नाही. पूर्ण हंगामी टीममध्ये तिसऱ्या बेसवर बहुधा मॅनेजर स्वतः उभा राहतो आणि नव्या कोचच्या वाट्याला पहिला बेस येतो. तिथे काम घड्याळाचं आहे.

पिचरची पहिली हालचाल ते चेंडू कॅचरच्या मिटमध्ये, समजा १.३ सेकंद. मिटपासून दुसऱ्या बेसवरच्या ग्लोव्हपर्यंत २.० सेकंद. बेरीज ३.३. तुमचा धावक आपल्या लीडवरून (बेसपासून पुढे घेतलेल्या जागेवरून) चोरून दुसऱ्या बेसला ३.४ मध्ये पोचत असेल तर चांगल्या थ्रोवर तो बाद. पण पिचर १.५ घेत असेल तर तोच धावक सुरक्षित. म्हणून पहिल्या इनिंगपासून प्रत्येक पिचरचे सात-आठ आकडे खिशातल्या कार्डावर लिहायचे, स्लाइड-स्टेप (पाय न उचलता झटपट टाकणं) आणि लेग-किक (पाय उंच उचलून टाकणं) वेगवेगळे. शिवाय एका बॅट्समनच्या पाळीत पिचरला दोनदाच रबर (माउंडवरची पट्टी) सोडता येतं. तिसऱ्यांदा पिक-ऑफ (धावकाला बेसवर बाद करायचा थ्रो) फसला तर बॉक, म्हणजे धावकाला पुढचा बेस फुकट, म्हणून दोन झाले की धावकाच्या कानावर घालायचं. हे आकडे डोक्यात ठेवू म्हणणाऱ्याला पाचव्या इनिंगला काही आठवत नाही.

कॅचरला एक ताजा विषय आहे. ट्रिपल-एत अनेक हंगाम चाललेली, अंपायरच्या बॉल-स्ट्राइकच्या निर्णयाविरुद्ध दाद मागायची चॅलेंज पद्धत २०२६ पासून मेजर लीगमध्येही आली. दाद मागायचा हक्क फक्त बॅट्समन, पिचर आणि कॅचरला, तोही लगेच, डगआउटच्या मदतीशिवाय. म्हणजे कोणत्या काउंटला चॅलेंज खर्च करायचं हे आधीच शिकवून ठेवावं लागतं. नुकताच खेळ सोडलेला कॅचर हे सगळ्यात चांगलं शिकवू शकतो.

हेल्मेटमध्ये कधीही हयगय करू नये. २२ जुलै २००७ ला नॉर्थ लिटल रॉकला डबल-ए टल्साचा पहिल्या बेसचा कोच माइक कूलबॉ मानेवर लागलेल्या लाइन ड्राइव्हने (सपाट, वेगवान फटक्याने) गेला. वय ३५. वर्षानुवर्षं मायनर लीग खेळलेला, मेजर लीगचे ४४ सामने, आणि कोच होऊन तीन आठवडेही झाले नव्हते. २००८ पासून बेस कोचला हेल्मेट सक्तीचं झालं ते त्याच्यामुळे. धावकाशी बोलतानाही प्लेटकडे पाठ करू नका. चेंडू सुटला की नजर बॅटवर.

वर जाता येतं का? येतं. जिम लेलंड कॅचर होता, डबल-एच्या पुढे खेळला नाही. १९७१ पासून अकरा हंगाम मायनरमध्ये मॅनेजरी केली, १९८२ ला शिकागो व्हाइट सॉक्सच्या तिसऱ्या बेसवर आला, १९८६ ला पिट्सबर्गचा मॅनेजर, १९९७ ला फ्लोरिडाबरोबर वर्ल्ड सिरीज, २०२४ ला हॉल ऑफ फेम. ऑली मार्मोलला सेंट लुइसने २००७ ला सहाव्या फेरीत घेतलं, २०१० ला त्याचं खेळणं संपलं, २०११ ला त्याच क्लबमध्ये कोच, २०१२ ला मायनर लीगमधल्या जॉन्सन सिटीचा मॅनेजर आणि २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये मुख्य टीमचा मॅनेजर, वय ३५. ब्लेक बुटेरा ३५ व्या फेरीत आलेला, दोनच हंगाम खेळला, २५ व्या वर्षी मायनर लीगमधल्या हडसन व्हॅलीचा मॅनेजर, आणि २०२५ च्या अखेरीस ३३ व्या वर्षी वॉशिंग्टनने त्याला मॅनेजर नेमलं. मार्मोल आणि बुटेरा दोघांनीही ज्या क्लबसाठी खेळले त्याच क्लबमध्ये पहिलं काम धरलं. तुमच्या कॅचरने पहिला फोन तिथेच करावा.

पहिला_बेस

स्कॉलरशिपच्या मुदतीचं माहीतच नव्हतं. करारातली तारीख आधी बघायला सांगतो, मग फार्म डायरेक्टरला फोन. पॉप-अपचे ५० रोज सुरू करायला तर कोणाची परवानगी लागत नाही.

फंगो_३५

५० मध्ये २० डाव्या बाजूला, २० उजव्या बाजूला आणि १० बॅकस्टॉपच्या जाळीजवळ. वारा असेल त्या दिवशी सुट्टी घेऊ नये, तेव्हाचाच सराव मॅचमध्ये कामी येतो. आणि फंगोच्या मुठीला नवी टेप गुंडाळून घ्या, घामाने बॅट सटकली तर जवळ उभ्या असलेल्या मुलाला लागते.